पुरवून पुरवून

जानेवारी सरत आला की मामाचा फोन येतो आणि हॅलो म्हणायच्या आधीच त्याचं सुरू होतं, "तुझी बदकं आली बघ, सगळा हरभरा चरू राह्यले." तुझी म्हणजे माझी, कारण तीन वर्षांमागं मी दुर्बीण घेऊन त्याच्या बांधावर बसलो होतो, तेव्हापासून नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या पाण्यावर, उतरणारं प्रत्येक पाखरू माझ्या खात्यावर आहे. मामाची जमीन गाळपेऱ्याची. धरणाचं पाणी जसजसं मागं सरकतं तसतसा काळा गाळ उघडा पडतो, त्यात दाणा टाकायचा, ओल खालूनच मिळते, आणि पाखरांनाही नेमकं तेच पाहिजे असतं, कोवळा लुसलुशीत हरभरा अन् लगेच पलीकडं पाणी, काही झालं तर उडून जायला मोकळं. दिवसभर ते पाण्याच्या कडेला थव्यानं बसून राहतात आणि अंधार पडला की आंग-आंग ओरडत शेतात. मामा रात्रभर पत्र्याचा डबा वाजवत फिरतो.

मामा बदकं म्हणतो पण ते हंस. पुस्तकात पट्टकादंब, पेपरात राजहंस. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि डोक्यामागं दोन काळ्या आडव्या पट्ट्या, एक मोठी एक छोटी, कुणी काजळाचं बोट ओढल्यासारख्या. चोच आणि पाय पिवळे-केशरी. वजन म्हणाल तर दोन-तीन किलो. मंगोलिया, तिबेट, किर्गिझस्तान तिकडं उन्हाळ्यात अंडी घालतात, पिल्लं मोठी करतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडं. हिमालय ओलांडून मामाच्या हरभऱ्यात, हे मला आजही कुणाला सांगताना अंगावर काटा येतो.

मायचं माहेर तेच, पण आत्ताचं गाव नवं आहे. जुनं गाव पाण्याखाली गेलं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हातनं झाली आणि उद्घाटन १९७६ ला इंदिरा गांधींच्या, आणि त्या मधल्या वर्षांत कधीतरी दहा-बारा वर्षांची माय बैलगाडीत भांड्यांवर बसून वरच्या माळावर आली. ती पाण्याकडं हात करून सांगते, तिथं आमचं घर, तिथं चिंच, तिथं पाणवठा. मला नुसतं पाणी दिसतं आणि पाण्यावर हंस.

हे सगळं लिहायला बसलोय ते मायच्या श्वासामुळं.

लग्नानंतर माय जालन्याकडं आली आणि बावीस वर्षं जिनिंगमध्ये कामाला होती. कापसाच्या ढिगावर बसून कवडी, पाला, कचरा वेचायचा, आणि हवेत सतत रुईची बारीक धूळ, दाराच्या उजेडात धुकं उतरल्यासारखी दिसायची. तोंडाला फडका बांधायचा एवढंच, तोही घामानं ओला झाला की काढून टाकायचा. मास्क कधी कुणी दिला नाही, मागावा हेही कुणाला सुचलं नाही. मला आठवतं, बाजाराच्या सुट्टीनंतर ती कामावर गेली की त्याच दिवशी तिची छाती जास्त आवळायची, मग दोन-तीन दिवसांत जरा सैल व्हायची. ती म्हणायची, घरी बसलं की आंगात आळस भरतो, त्याचं आहे हे. पुढं फुफ्फुसाच्या डॉक्टरांनी सगळं विचारलं तेव्हा त्यांनी नेमका हाच प्रश्न केला, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त व्हायचं का? कापसाच्या धुळीचा आजार असाच सुरू होतो म्हणे. तो आळस नव्हता. हे कळलं तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बराच वेळ उभा होतो.

आता ती माझ्याकडं संभाजीनगरात असते. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, छत्तीस पायऱ्या. कोरोनाच्या वेळी घेतलेलं ऑक्सिमीटर अजून टीव्हीशेजारी पडलेलं असतं. बसलेली असली की एक्याण्णव, ब्याण्णव. जिना चढून आली की शहाऐंशी. मी आकडा बघतो आणि ती माझं तोंड बघते, मग म्हणते, किती आला ते सांगू नको, पाणी दे.

तर त्याच दिवसांत फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, या हंसाचाच फोटो, एव्हरेस्टवरून उडणारा पक्षी, अशक्य काही नसतं, जिद्द पाहिजे वगैरे. एरवी मी पुढं ढकलला असता. पण मायच्या बोटातला तो शहाऐंशीचा आकडा डोळ्यासमोर असताना जिद्द हा शब्द मला सहन होईना. जिद्दीनं ऑक्सिजन वाढत असता तर माझ्या मायचा शंभर असता. मग मी वाचायला लागलो, की हे पाखरू नेमकं करतं तरी काय.

आधी हवेचं बघू. उंचावर ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं आपण म्हणतो पण टक्केवारी तिथंही एकवीसच असते, हवाच विरळ होते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा, एव्हरेस्टच्या माथ्यावर साधारण एक तृतीयांश. म्हणजे छाती तेवढीच फुगवली तरी आत येणारा माल निम्मा, नाहीतर तिसरा हिस्सा. पाखराला तर दुहेरी मार, कारण त्याला श्वासालाही हवा पाहिजे आणि पंखाखाली रेटायलाही हवा पाहिजे. विरळ हवेत पंख जास्त जोरात मारावे लागतात, म्हणजे ऑक्सिजन जास्त लागतो, आणि तोच तिथं कमी. आमच्याकडं दुष्काळात जसं व्हायचं, विहीर आटली की पाणी लांबून आणावं लागतं आणि लांबून आणायचं म्हणजे तहान जास्त.

आणि आपला माणूस तिथं जायचा तर टप्प्याटप्प्यानं, बेस कॅम्पला मुक्काम, परत खाली, परत वर, आठवडे जातात, नाहीतर डोकं धरतं, फुफ्फुसात पाणी होतं. हे हंस वसंतात भारतातनं निघतात आणि २०११ साली ट्रॅकर लावलेल्या हंसांच्या अभ्यासात दिसलं की हिमालयाचा चढ ते सात-आठ तासांत चढतात, जवळजवळ समुद्रसपाटीपासून सहा हजार मीटरपर्यंत. मागून वारा ढकलत नसताना, स्वतःच्या पंखांवर. मला वाटलेलं, वाऱ्यावर स्वार होऊन जात असतील, दुपारी दऱ्यांतून वर येणारा वारा असतोच. पण ते बहुतेक रात्री नाहीतर पहाटे निघतात, वारा पडलेला असताना. कारण रात्री हवा गार असते, गार हवा दाट असते, दाट हवेत पंखाला आधार मिळतो आणि प्रत्येक श्वासात ऑक्सिजन थोडा जास्त येतो, शिवाय एवढे कष्ट करून अंग तापतं तेही गार राहतं.

हे मी मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग? उन्हात कोण काम काढतं?" एप्रिल-मेमध्ये माय पहाटे चारला उठून धुणं, भांडी, झाडू सगळं उरकून टाकते आणि नऊनंतर पंख्याखाली बसते, तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

आता फुफ्फुसाचं. आपलं फुफ्फुस म्हणजे एकाच दाराची खोली. हवा ज्या दारानं आत त्याच दारानं बाहेर, आणि दरवेळी थोडी शिळी हवा आत उरतेच. पक्ष्यांचं तसं नाही. त्यांच्या अंगात फुफ्फुसाशिवाय हवेच्या पिशव्या असतात, भात्यासारख्या, आणि फुफ्फुस स्वतः फुगत-आटत नाही, हवा त्यातून एकाच दिशेनं वाहत जाते. आत घेतलेली हवा आधी मागच्या पिशवीत, तिथून फुफ्फुसात, मग पुढच्या पिशवीत, मग बाहेर, एका घोटाला दोन श्वासांचा प्रवास. त्यामुळं श्वास सोडतानाही फुफ्फुसात ताजी हवाच असते. हे कबुतराला, चिमणीलाही आहे. पट्टकादंबाचं फुफ्फुस त्याच्या खालच्या प्रदेशातल्या भावकीपेक्षा मोठंही आहे आणि तो श्वास खोल घेतो. आणखी एक गोष्ट, माणूस भराभर श्वास घ्यायला लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि चक्कर येते. माय दम लागल्यावर घाबरून भराभर श्वास घेते तेव्हा तिच्या डोळ्यापुढं अंधारी येते ती मी पाहिलीय. पक्ष्यांच्या मेंदूचं रक्त असं अडत नाही.

पण मला खरं थांबवलं ते रक्तानं, कारण तो माझा धंदा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसाला शे-सव्वाशे सॅम्पल, जांभळ्या टोपणाची ट्यूब हलवायची, मशीनच्या सुईखाली धरायची, मिनिटभरात सीबीसीची स्लिप बाहेर. पहिल्यांदा नजर जाते एचबीवर, म्हणजे लाल पेशीत ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनवर. दिवाळीच्या आधी ऊसतोडीला निघालेल्या बायका कधी कधी डॉक्टरनं पाठवलं म्हणून येतात, एचबी आठ, सात, एकीचं सहा पॉइंट दोन आणि ती दोन लेकरं घेऊन चालत आलेली. त्या विचारतात, "रक्त कमी आहे का?" मी हो म्हणतो, डॉक्टरांना दाखवा म्हणतो. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर निघतो.

माझ्या डोक्यात त्यामुळं पक्कं होतं की हिमोग्लोबिन म्हणजे किती आहे हा प्रश्न. माणूस उंचावर राहिला की त्याचं शरीरही तेच करतं, लाल पेशी वाढवतं. पण पेशी फार वाढल्या तर रक्त घट्ट होतं आणि हृदयाला ढकलायला जड जातं. या हंसानं तो रस्ता धरला नाही. त्यानं गडी वाढवले नाहीत, आहे त्या गड्यांची पकड बदलली.

हिमोग्लोबिनच्या एका कणात चार साखळ्या असतात, दोन अल्फा, दोन बीटा. अल्फा म्हणजे १४१ मण्यांची माळ समजा. मैदानी हंसाच्या माळेत ११९ नंबरच्या जागी प्रोलिन नावाचा मणी असतो, पट्टकादंबाच्या माळेत त्या जागी ॲलनिन, जरा लहान मणी. मणी लहान झाला म्हणून शेजारच्या बीटा साखळीला तो टेकत नाही, मधे बारीक फट पडते, साखळ्या जरा सैल बसतात आणि त्या सैलपणामुळं ऑक्सिजन पटकन आणि घट्ट धरला जातो. हिमोग्लोबिनची रचना उलगडून १९६२ चं नोबेल मिळवणाऱ्या मॅक्स पेरुट्झनं १९८३ मध्ये हा अंदाज मांडला आणि १९९१ साली काही शास्त्रज्ञांनी माणसाच्याच हिमोग्लोबिनमध्ये तो एक मणी बदलून पाहिला तर पकड खरंच वाढली. पुढं कळलं की इतरही एक-दोन मण्यांचा हातभार आहे, पण ११९ चा मोठा. आणि दक्षिण अमेरिकेत अँडीज डोंगरावर राहणारा एक हंस आहे, त्याचा आणि याचा काही संबंध नाही, तरी त्याच्यातही फट त्याच जागी पडलीय, फक्त बदललेला मणी पलीकडच्या बीटा साखळीतला ५५ नंबरचा. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मी रोज ज्या ट्यूबा कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकतो त्यात हेच मणी, हीच माळ.

आता घट्ट धरलं तर सोडायचं कसं? स्नायूला तर ऑक्सिजन सुटून मिळाला पाहिजे. त्याचीही सोय आहे. त्याच्या उडायच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट आहे आणि पेशीतली ऑक्सिजन वापरणारी मायटोकॉन्ड्रिया पेशीच्या कडेला, रक्तवाहिनीजवळ सरकलेली, हौदाशेजारी चूल मांडावी तशी. आणि रक्ताचा स्वभाव असा की गार झालं की ऑक्सिजन धरतं, तापलं की सोडतं, म्हणजे फुफ्फुसात गार आणि राबणाऱ्या स्नायूत गरम.

हे तापमानाचं नीट बघितलं जेसिका मेअर नावाच्या बाईनं. तिनं पट्टकादंबाची पिल्लं अंड्यातून निघाल्यापासून सांभाळली, पिल्लांनी तिलाच आई मानलं, ती स्कूटरवर पुढं आणि हंस बरोबर उडत, असं शिकवून मग कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या वाऱ्याच्या बोगद्यात त्यांना तोंडाला मास्क लावून उडवलं. मास्कमधून हवा द्यायची ती पार नऊ हजार मीटरवर जेवढा ऑक्सिजन असतो तेवढी कमी करून. उड्डाणं काही मिनिटांचीच, पण ते उडाले. आणि उडताना त्यांनी शरीराचा एकूण खर्चच कमी केला, हृदयाचे ठोके भलते वाढले नाहीत, आणि स्नायूंकडून फुफ्फुसाकडं परतणारं रक्त गार झालं. तो अभ्यास २०१९ च्या सप्टेंबरात छापून आला आणि त्याच महिन्यात ही बाई अंतराळवीर म्हणून अंतराळ स्थानकावर गेली, १८ ऑक्टोबरला दोन बायकांनीच मिळून केलेल्या पहिल्या स्पेसवॉकमध्ये होती ती. हंसांची आई तिथं गेली जिथं हवाच नाही. हे मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

तरी माझा प्रश्न राहिलाच होता, की एव्हरेस्टवरून जातो की नाही. गिर्यारोहकांच्या ऐकीव गोष्टी आहेत, हिमालयात रात्री डोक्यावरून हंसांचा आवाज ऐकल्याच्या. पण ट्रॅकर लावलेल्या हंसांची सगळ्यात मोठी उंची निघाली ७,२९० मीटर, आणि बहुतेक प्रवास सहा हजाराच्या खालीच. आपल्याच नाथसागरावर येणारा तो सोनेरी-तपकिरी चक्रवाक, त्याच्या भावंडांनाही टॅग लावले तर ६,८०० मीटरपर्यंत गेलेले दिसले. म्हणजे उंच आहेच, माणूस तिथं धावू शकणार नाही एवढं उंच, पण शिखरांच्या डोक्यावरून नाही, खिंडी-दऱ्या शोधत.

आणि २०१५ मध्ये जे छापून आलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मंगोलियातल्या हंसांच्या पोटात छोटी यंत्रं बसवली होती, हृदयाचे ठोके, पंखांची गती, अंगाचं तापमान, हवेचा दाब सगळं नोंदवणारी. सगळ्यांना वाटायचं की पाखरू एकदा उंची गाठत असेल आणि मग वरच्या वर सरळ जात असेल, चढायचे कष्ट वाया कशाला घालवायचे. पण नोंदींत निघालं उलटंच. हंस जमिनीला धरून उडतात. खाली दरी आली की ते दरीत उतरतात, शेकडो मीटर उंची सोडून देतात, पुढं डोंगर आला की परत चढतात, परत दरी, परत उतार. कारण विरळ हवेत टिकून राहणंच इतकं महाग पडतं, की पंखांची गती पाच टक्के वाढली तर हृदयाचे ठोके १९ टक्क्यांनी आणि उडायचा खर्च अंदाजे ४१ टक्क्यांनी वाढतो. मिळवलेली उंची धरून ठेवण्यापेक्षा ती सोडून दाट हवेत उतरणं आणि परत चढणं स्वस्त. आणि जमिनीजवळ राहिलं की उतारावर आपटून वर येणारा वारा कधीमधी फुकट उचलून देतो, तो फायदा वेगळा.

मी वाचत होतो तेव्हा खालून माय भाजी घेऊन येत होती. दाराचा आवाज आला, मी उठलो नाही, नुसतं ऐकलं. आठ पायऱ्या, थांबली. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज. परत आठ. वळणावर जास्त वेळ थांबली, तिथं खिडकी आहे. पिशवी उचलली, दोन पायऱ्या चढली आणि काय वाटलं काय माहीत, परत दोन पायऱ्या उतरून खिडकीशी आली, अजून थोडी थांबली. मग भिंतीला हात घासत वरपर्यंत. मी रोज तिला ओरडायचो, खाली का उतरतेस परत, चढलेलं वाया जातं ना. त्या दिवसापासून ओरडलो नाही.

"पुरवून पुरवून आणावा लागतो दम," ती आत येऊन बसली नि म्हणाली. दुष्काळात हंडाही ती असाच म्हणायची, पुरवून पुरवून. टँकर आठ दिवसांनी यायचा, तोंड धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी गोवऱ्या थापायला.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटाला तिला मामाकडं नेलं. रात्री अंगणात बाज टाकली, तिला आडवं झोपलं की दम लागतो म्हणून तीन उशा, भिंतीला टेकून. मामा डबा घेऊन निघाला तर ती म्हणाली, "आज राहू दे, जातीलच आता ते आठ-पंधरा दिवसांत." मामा कुरकुरला, तिच्या तोंडाकडं बघितलं आणि डबा खुंटीला टांगून झोपून गेला. मी तिच्या पायाशी बसलो. तिनं विचारलं, "रात्रीच जातेत का रे डोंगर चढायला?" मी म्हणालो हो, रात्री नाहीतर पहाटे. "अन् सोबत लेकरं असतेत?" मी म्हणालो असतात, मागच्या उन्हाळ्यातली पिल्लंही थव्यातच असतात.

चार-साडेचारला मला डुलकी लागली होती तेव्हा तिनं पायानं ढोसलं. आधी लांबून आवाज, आंग-आंग, मग जवळ, मग पंखांचा सपसप आवाज एवढा स्पष्ट की माझी मान आपोआप खाली गेली. हरभऱ्यातून उठून पाण्याकडं चालले होते, घराच्या पत्र्यावरून, बाभळीच्या शेंड्याला लागून. मी वर आभाळात शोधत होतो, मला काहीच दिसलं नाही.

"तिकडं काय बघू राह्यला," माय म्हणाली, "खालूनच चाललेत."